‘आरव्हीला गूगल मॅप्स पुरते’ या सल्ल्याचा प्रतिवाद

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांत उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की एक सल्ला हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा की, आरव्ही (झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊन यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला निघालात तरी तिच्यासाठी वेगळे जीपीएस किंवा वर्गणीचे ॲप घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय; गूगल मॅप्स फुकट आहे आणि त्याला सगळे रस्ते ठाऊक आहेत, कमी उंचीच्या पुलांवर पाट्या असतातच, सिग्नल जाणार असेल तिथला नकाशा आधी उतरवून ठेवता येतो, आणि एवढ्यावरही धास्ती वाटत असेल तर ट्रकचे जीपीएस वापरावे. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला आहे आणि त्यातले काही खरेही आहे, पण जे चुकीचे आहे त्याचा हिशोब शेवटी गाडीच्या टपाला किंवा ब्रेकना चुकवावा लागतो.

गूगलला सगळे रस्ते ठाऊक आहेत, हे मान्य करू. प्रश्न त्याला तुमची गाडी ठाऊक आहे का, हा आहे. गाडी पेट्रोलची की विजेची हे त्याला सांगता येते, टोल टाळायला सांगता येते, पण उंची, लांबी किंवा वजन भरायला तिथे जागाच नाही. भाड्याने बहुधा जी क्लास सी आरव्ही मिळते, म्हणजे चालकाच्या डोक्यावर झोपायची जागा असलेली, ती साधारण ११ ते १२ फूट उंच असते. न्यूयॉर्कच्या बाजूने बॉस्टनकडे जाताना कनेटिकटमधला मेरिट पार्कवे मोटारीला सोयीचा म्हणून फोन तो सुचवतो. त्या रस्त्यावर उंचीची मर्यादा ८ फूट आणि लांबीची २४ फूट आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या बहुतेक पार्कवेंवर आरव्हीला मुळात प्रवेशच नाही. हे रस्ते मोटारींसाठी बांधले गेले आणि त्यांच्यावरचे कित्येक पूल कमानीचे आहेत, त्यामुळे मधल्या लेनमधून निघणारी गाडी कडेच्या लेनमध्ये वरून घासू शकते.

पाट्यांचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. नॉर्थ कॅरोलायनातील डरॅम शहरात ११ फूट ८ इंच उंचीचा एक रेल्वेपूल होता. पाट्या होत्या, उंच गाडी आली की पेटणारे दिवे होते, तरी ट्रकांची टपे तिथे सोलून निघतच राहिली. शेवटी २०१९ मध्ये पूल आठ इंचांनी उचलला आणि तो १२ फूट ४ इंचांचा झाला; टकरी त्यानंतरही झाल्या आहेत. बॉस्टनच्या स्टॉरो ड्राइव्हवर दर सप्टेंबरच्या आरंभी, घरे बदलण्याच्या दिवसांत, भाड्याचे ट्रक पुलाखाली अडकतात. या चालकांना वाचता येत नाही असे नाही. एरवी ते मोटार चालवतात आणि आपण आज किती उंच आहोत हे त्यांच्या अंगवळणी पडलेले नसते. आरव्ही भाड्याने घेणाऱ्याचे तेच असते. शिवाय पाटी दिसते तेव्हा गाडी बऱ्याचदा रॅम्पवर उतरलेली असते, आणि मागे चारही चाकांवर मोटार ओढत आणली असेल तर ती सोडवल्याशिवाय आरव्ही मागे घेताच येत नाही. टपाचे नुकसान अनेक भाडेकरारांत विम्यातून वगळलेले असते, हेही करारावर सही करताना वाचून घ्यावे.

आपण तर मोठ्या महामार्गानेच जाणार, असेही या सल्ल्याच्या पाठीशी म्हटले जाते. माउंट रशमोर पाहून यलोस्टोनला जाणे हा आपल्याकडच्या कुटुंबांचा ठरलेला बेत आहे, तोच तपासून पाहावा. आय-९० महामार्गाने पश्चिमेला आल्यावर बिगहॉर्न पर्वत आडवा येतो आणि तो ओलांडायला तीन रस्ते आहेत: बफेलोहून टेन स्लीपकडे जाणारा यूएस-१६, शेल कॅन्यनमधून ग्रेबुलला उतरणारा यूएस-१४, आणि त्यालाच बर्जेस जंक्शनला फुटून लव्हेलकडे जाणारा १४-ए. नकाशावर तिन्ही रेघा सारख्याच दिसतात. १४-ए वर मात्र पश्चिमेकडे उतरताना १० टक्क्यांचा उतार लागतो, म्हणजे शंभर फूट पुढे सरकताना गाडी दहा फूट खाली येते. माणसे, पाणी आणि सामान यांनी भरलेली आरव्ही अशा घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरवली तर ब्रेक तापून निकामी होऊ लागतात. खालचा गिअर टाकून इंजिनाच्या जोरावरच ती रोखावी लागते. यूएस-१६ देखील ९,६६६ फुटांच्या पावडर रिव्हर खिंडीतून जातो, पण त्याचा चढउतार सौम्य असल्याने आरव्हीवाले तोच पसंत करतात. ही निवड निघण्यापूर्वी उंचसखलपणा पाहून करायची असते, आणि मार्ग आखण्याच्या साधनांचा खरा उपयोग मला तरी वळणे ओरडून सांगणाऱ्या आवाजापेक्षा इथेच दिसतो. ग्लेशियर उद्यानातल्या गोइंग-टू-द-सन रोडचे तर विचारायलाच नको: ॲव्हलांच कॅम्पग्राउंड ते रायझिंग सन या टप्प्यात २१ फुटांहून लांब किंवा, आरसे धरून, ८ फुटांहून रुंद गाडीला बंदी आहे, आणि भाड्याची बहुतेक आरव्ही लांबीतच नापास होते.

उतरवून घेतलेला नकाशा सिग्नलविना रस्ता दाखवतो, हे खरे. पण तो मोटारीचाच रस्ता दाखवतो आणि त्यात वाहतुकीची ताजी स्थिती नसते, म्हणजे गूगलचा जो सर्वांत मोठा गुण तोच तिथे हातचा जातो.

ट्रकच्या जीपीएसमध्ये उंची भरता येते, तरी ते आरव्हीचे नव्हे. व्यापारी वाहनांना बंद असलेले रस्ते ते टाळते, आणि राष्ट्रीय उद्यानांतले आरव्हीला खुले असलेले कित्येक रस्ते त्यातच मोडतात, त्यामुळे नाहक वळसा पडतो. स्वयंपाकाच्या प्रोपेन गॅसचा प्रश्न आणखी वेगळा आहे. बाल्टिमोरच्या हार्बर आणि फोर्ट मॅकहेन्री या दोन्ही बोगद्यांत १० पौंडांहून मोठी प्रोपेनची टाकी चालत नाही, आणि साधी टाकीच २० पौंडांची असते. पूर्वी अशा गाड्या तिथल्या ‘फ्रान्सिस स्कॉट की’ पुलावरून जात. तो पूल २६ मार्च २०२४ रोजी जहाजाच्या धडकेने कोसळला, तेव्हापासून आय-६९५ च्या पश्चिम अंगाने शहराला वळसा घालावा लागतो. गार्मिन कंपनीच्या आरव्ही जीपीएस यंत्रांच्या मालिकेत किंवा आरव्ही लाइफच्या ॲपमध्ये गाडीच्या मापांबरोबर प्रोपेनचीही नोंद करता येते.

तरीही प्रत्येकाने पाचशे डॉलरचे यंत्र घ्यावे, असे माझे म्हणणे नाही. क्लास बी, म्हणजे व्हॅनच्या आकाराची गाडी असेल तर बहुतेक ठिकाणी फोन पुरतो, आणि पेट्रोल पंप किंवा किराणा शोधायला गूगलइतके सोयीचे दुसरे काही नाही. आठवड्याभरासाठी मोठी आरव्ही घेणाऱ्याला वर्गणीचे ॲप पुरेसे आहे. यंत्र स्वतःची गाडी असणाऱ्याने घ्यावे. दोन्हींतल्या नोंदी अपुऱ्या असू शकतात, विशेषतः लहान गावच्या रस्त्यांवर, म्हणून पाटी वाचणे सुटत नाही. आणि माप भरताना माहितीपत्रकातला आकडा न घेता टपावरच्या एसीसकट उंची टेपने मोजून घ्यावी, कारण त्या पत्रकात एसी धरलेला असतोच असे नाही.