आजींच्या ड्रॉवरमधली लेटरहेडं

सकाळीच शाळेच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "नॉर्वे बघा! धर्म वेगळा, सरकार वेगळं, म्हणून पुढे गेले." खाली अंगठ्यांची रांग. अरे बाबांनो, मी राहते ना इथे, एकदा विचारायचं तरी!

1814 च्या घटनेने ख्रिस्ती धर्मातल्या लुथरन पंथाला इथला राजधर्म केलं, ते थेट 2012 पर्यंत. बिशप नेमायचं सरकार. निम्म्याहून जास्त मंत्री त्याच चर्चचे हवेत, हे घटनेतच लिहिलेलं. पाद्री 2017 उजाडेपर्यंत सरकारी नोकर. कसलं वेगळं?

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. नवरा पाद्री होता, चार वर्षांपूर्वी गेला. त्याला आलेला एकेक सरकारी कागद त्यांनी जपून ठेवलाय. मागे एकदा कॉफीला बोलावून त्यांनी तो ड्रॉवर माझ्यासमोर उपडा केला. मजकूर जेमतेम समजला, पण वरची खात्यांची नावं बघतच राहिले. नेमणुकीच्या पत्रावर 'चर्च आणि शिक्षण'. 1990 च्या परिपत्रकावर 'चर्च आणि संस्कृती'. वर्षभरात ते मोडलं आणि आलं 'चर्च, शिक्षण आणि संशोधन'. 2002 मध्ये पुन्हा संस्कृती, पण आता 'संस्कृती आणि चर्च'. बारा वर्षांत चर्च मागच्या बाकावर! आजींनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि नुसतं बोट लावलं.

2010 मध्ये तर कहर. 'नूतनीकरण, प्रशासन आणि चर्च'. आजी म्हणाल्या, "नूतनीकरण कुणाचं, आमचं?"

तुम्ही म्हणाल, पाट्या बदलल्या म्हणून काय बिघडलं? पगार वेळेवर होत होते, घंटा वाजत होत्या. बरोबर आहे, मान्य. पण फाईल कुठल्या टेबलावर जाते त्यावरून घरमालकाच्या मनातलं कळतं. शिक्षणाबरोबर होतं तेव्हा चर्च पोरांना वळण लावणारं होतं. संस्कृतीकडे गेलं तेव्हा जुनी लाकडी देवळं आणि ऑर्गनचं संगीत. प्रशासनाकडे गेलं तेव्हा फक्त आस्थापना विभाग. मग पुन्हा संस्कृती, आणि 2019 पासून बालक आणि कुटुंब खातं. सासर-माहेर करून करून दमलेल्या सुनेसारखं. आपल्याकडे देवस्थानं विधी व न्याय विभागाकडे असतात. त्यावरून आपलं काय कळतं ते तुम्हीच बघा, माझं तोंड उघडू नका.

आणि हो, वेगळं झाल्यावरही पैसा सरकारचाच आहे. चर्चला आहे, तसा दर सभासदामागे हिंदूंना, मुसलमानांना, देव न मानणाऱ्यांच्या संघटनेलाही मिळतो. मला ते आवडतं, खरं सांगायचं तर. ग्रुपवर हे कुणी का टाकत नाही?

मघाशी चिडूनच खाली गेले होते. आजींना विचारलं, या सगळ्यांत तुमच्या नवऱ्याला कुठलं नाव आवडायचं? बराच वेळ कागद चाळत बसल्या. मग 'चर्च आणि शिक्षण'वालं नेमणुकीचं पत्र काढलं. कोपऱ्यात पेन्सिलीने त्यांचाच हिशोब होता: बोट भाडं, दोन ट्रंका, पाळणा. त्या पत्रावरच दोघं उत्तरेला गेले होते, थोरली तीन महिन्यांची होती. खात्याचं नाव त्यांनी तेव्हा वाचलंच नव्हतं म्हणे.

फोटो मागू नका. त्यांनी काढू दिला नाही.