लहान मुलांसाठी आहे, म्हणून तालमी कमी नकोत

दिवाळीनंतर कॉलेजांत एनएसएसचे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे, वर्षाचे १२० तास भरायची घाई सुरू होते आणि कुणीतरी सुचवतं, 'वस्तीतल्या मुलांसाठी नाटक करूया.' कल्पना चांगलीच आहे. पण पाठोपाठ येणारं वाक्य काळजीत टाकतं: 'लहान मुलंच तर आहेत, चार तालमींत बसेल.'

आयएनटीच्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी हीच मंडळी महिना-दीड महिना रात्री उशिरापर्यंत घासतात. तिथला प्रेक्षक अंधारात, खुर्चीत, गप्प बसलेला असतो. वस्तीतला प्रेक्षक उजेडात, जमिनीवर बसतो आणि कंटाळला की सरळ उठून जातो. जास्त तयारी खरं तर इथे लागते. आणि हा आग्रह मुंबईला नवा नाही. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये इथे लिटल थिएटर सुरू केलं, ते मुलांचं नाटक पुऱ्या तयारीनिशीच करायचं म्हणून.

हिशेब साधा आहे. २५ ते ३० मिनिटांचं नाटक, ६-७ नट, २ वादक आणि फक्त प्रेक्षकांकडे बघायला ३ जण. दोन-दोन तासांच्या किमान १५ तालमी. शेवटच्या चार तालमी हॉलमध्ये नकोत. कँटीनबाहेर करा, पार्किंगमध्ये करा, जिथे माणसं मधूनच चालत जातात तिथे करा. हॉलच्या भिंती आवाज परत देतात, गल्ली तो गिळते. कुर्ला-जरीमरीला डोक्यावरून विमानं जातात, रुळालगतच्या वस्तीत लोकल. त्यावर ओरडून बोललात तर तिसऱ्या प्रयोगाला घसा बसलेला असेल. विमान आलं की सगळ्यांनी आहे तिथे थिजायचं, गेलं की तेच वाक्य पुन्हा घ्यायचं, हे तालमीतच बसवा. दुसऱ्या विमानाला मुलंसुद्धा तुमच्याबरोबर थिजतात.

कॉर्डलेस माईकचा मोह टाळा. एक माईक सात जणांत फिरला की नटाचा एक हात कायमचा अडकतो आणि मुलं नटाऐवजी माईककडे बघत बसतात. ढोलकी, खंजिरी आणि टाळ पुरतात. मोबाइलवरचं संगीत उघड्यावर पाचव्या रांगेपर्यंतही पोचत नाही.

आता जागा आणि वेळ. यात सगळ्यात जास्त चुका होतात. वेळ कॉलेजच्या सोयीने ठरते, वस्तीच्या नाही. बहुतेक वस्त्यांत पाणी ठरावीक वेळेलाच येतं. त्या वेळेत प्रयोग लावला तर नऊ-दहा वर्षांच्या मुली हंडे-कळश्या घेऊन नळावर असतात आणि समोर सगळे मुलगेच बसलेले दिसतात. मग कॉलेजची पोरं म्हणतात, 'इथल्या मुलींना नाटकाची आवड नाही.' आधी अंगणवाडीच्या ताईंना किंवा बालवाडीच्या बाईंना पाण्याची वेळ विचारा. शाळा दोन पाळ्यांत भरत असेल तर कामाच्या दिवशी निम्मी मुलं वर्गात असतात, म्हणून रविवार बरा. चाळ कमिटी किंवा मंडळाशी किमान तीन आठवडे आधी बोला आणि त्याच रविवारी तिथे लग्न, पूजा किंवा क्रिकेटची मॅच नाही ना, याची खात्री करून घ्या.

पाठीमागे भिंत असलेली जागा निवडा, आवाज पुढे फेकला जातो. ऊन मुलांच्या पाठीवर यावं, तुमच्या डोळ्यांत आलं तरी चालेल. जमिनीवर सुतळी किंवा खडूने साधारण १५ फूट रुंद, १२ फूट खोल अर्धगोल आखा आणि त्याच्या कडेने सतरंज्या घाला. पाच वर्षांखालची पुढे, मोठी मागे. मध्ये दोन हातांची वाट मोकळी ठेवा, कारण कुणाला तरी शूला जायचंच असतं आणि वाट नसेल तर ते मूल रंगमंचावरून जातं. शंभरावर मुलं जमली तर दोन प्रयोग करा. दीडशेच्या गर्दीत मागची मुलं उभी राहतात, त्यांच्या मागची ढकलतात आणि दहाव्या मिनिटाला नाटक संपलेलं असतं.

संहितेबद्दल थोडं कडक बोलायला हवं. 'संदेश' म्हणून नाटक करू नका. ज्या गल्लीत नळाला तासभर पाणी येतं तिथे कॉलेजच्या पोरांनी जाऊन 'रोज साबणाने हात धुवा' म्हणून नाचणं हा त्या मुलांचा आणि त्यांच्या आयांचा अपमान आहे. पाण्यावर नाटक करायचं तर हंडा हरवलेल्या मुलीची गोष्ट करा. जाडा, काळा, तोतरा, बायकी चालणारा अशा पात्रांवर हशा घेऊ नका. समोर तसं एखादं मूल बसलेलं असतं आणि सोमवारपासून त्याला त्या पात्राच्या नावाने हाक मारली जाते. मुलाची भूमिका करताना बोबडं बोलू नका. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत मोहन आगाशे यांनी पुण्यात रुजवली. तिच्यात मोठे नटच मुलांची कामं करतात, पण मुलांची नक्कल न करता.

पहिल्या मिनिटात काहीतरी घडलंच पाहिजे. 'एक आटपाट नगर होतं' म्हणून निवेदक दोन मिनिटं बोलला की सतरंजीवर चिमटे काढणं सुरू झालं समजा. भाषा मराठीच ठेवा, पण वाक्यं छोटी ठेवा आणि कृतीतून कळेल असं बसवा. महापालिकेच्या शाळा आठ भाषांतून चालतात, एका गल्लीतच तीन-चार भाषा असतात.

मुलांना प्रश्न विचारताना जपून. 'आता मी काय करू?' असं मोघम विचारलं की चाळीस उत्तरं येतात आणि नट गोंधळतो. 'चोर या पोत्यात आहे का त्या?' असं विचारा. ती ओरडून सांगतील. सांगितलेलं नटाने ऐकलं पाहिजे. मुलं 'मागे आहे, मागे आहे' म्हणून जीव तोडून ओरडताहेत आणि नट पाठ केलेलं वाक्य बोलतोय, हे पाहिलं की वाईट वाटतं. एका मुलाला पुढे बोलावू नका, तीस जण उठतील. बोलवायचं तर आख्ख्या रांगेला बसल्या जागी काम द्या: वारा करा, पाऊस वाजवा. गलका शांत करायला ढोलकीची एकच थाप ठरवून ठेवा आणि सुरुवातीला दोनदा खेळ म्हणून करून घ्या. 'ए गप्प बसा' हे वाक्य कुणाच्याही तोंडून निघता कामा नये.

मुखवटे पुठ्ठ्याचे, अर्धे, ओठ उघडे राहतील असे. पूर्ण मुखवट्याने आवाज कोंडतो आणि दोन-तीन वर्षांची मुलं भेदरून रडतात. राक्षसाचा मुखवटा मुलांसमोरच चढवा. आधी मुखवट्यामागच्या ताईचा चेहरा दिसला की भीती वाटते, पण हवीहवीशी. कपडे, पुठ्ठा, रंग धरून दीड-दोन हजारांत सगळं बसतं. फुगे आणू नका. बिस्किटं वाटायची असली तर प्रयोगाआधी खोकं दिसू देऊ नका. ते दिसलं की अर्धा तास सगळ्यांची नजर खोक्यावर. फोटो काढताना मुलांचे चेहरे आईबापांना विचारल्याशिवाय टाकू नका.

आणि एका वस्तीत एकदाच जाऊन पुढची वस्ती गाठू नका. दहा वस्त्यांत एकेक प्रयोग करण्यापेक्षा एकाच वस्तीत ओळीने चार रविवार जा. पहिल्या रविवारी मुलं बघतात. दुसऱ्या रविवारी तेच नाटक करा, ती संवाद आधी बोलून दाखवतील. तिसऱ्या रविवारी आठ-आठ मुलांचे गट करून प्रत्येक गटाला एक नट द्या आणि त्यांना हवा तो प्रवेश त्यांच्या पद्धतीने बसवू द्या. चौथ्या रविवारी सतरंजीवर तुम्ही बसा. डिसेंबर-जानेवारी याला बरा, पाऊस नसतो आणि सेमिस्टरची परीक्षा आटोपलेली असते. निघताना मुखवटे, खंजिरी आणि तो राक्षसाचा झगा बालवाडीच्या पेटीत ठेवून या.