'मीच का?' हे देवाला विचारायचं नाही, असं कोण म्हणतं?

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाच्या घरी मोठं आजारपण आलं की एक मेसेज हमखास फिरतो. टेनिसपटू आर्थर ॲशला एड्स झाला. "देवाने तुलाच का निवडलं?" असं एका चाहत्याने विचारलं. त्यावर ॲशचं उत्तर: विम्बल्डनचा चषक हातात होता तेव्हा मी 'मीच का?' विचारलं नाही, मग आता कसं विचारू? आणि खाली तात्पर्य, की दुःखात देवाला जाब विचारणं हा कृतघ्नपणा.

ॲश बोलला ते स्वतःच्या दुखण्याबद्दल. तो त्याचा हक्क होता. तेच दुसऱ्याच्या तोंडावर फेकायचा हक्क आपल्याला कुणी दिला? शिवाय मेसेजमधला ॲश अर्धाच आहे. 1983 च्या हृदयशस्त्रक्रियेनंतर चढवलेल्या रक्तातून त्याला संसर्ग झाला, असं मानलं जातं. अमेरिकेत दात्यांच्या रक्ताची एचआयव्ही चाचणी सुरू झाली 1985 मध्ये. म्हणजे या 'का?'चं निदान एक उत्तर माणसांपाशी होतं, आणि ते शोधलं गेलं म्हणून पुढच्यांचे जीव वाचले. आजारी असतानाही, 1992 मध्ये, हैतीच्या निर्वासितांसाठी व्हाइट हाउससमोर निदर्शनं करताना त्याला अटक झाली. मुकाट सोसणारा माणूस नव्हता तो.

आता 'सुखात विचारलं का?' हा हिशोब. खारघरला टाटाच्या कॅन्सर केंद्रात लेकराला घेऊन आलेली एखादी आई बघा. मांडीवर फायलींची प्लास्टिकची पिशवी, हातात सकाळचा रिपोर्ट. पांढऱ्या पेशी पुन्हा घसरल्यात, केमो पुढे ढकललीय. "पांडुरंगा, डोळे फुटले का रे तुझे?" ती पुटपुटते. तिच्या पाच वर्षांच्या पोराने कुठला चषक उचलला होता, की त्याची आता परतफेड करायची?

यात श्रद्धा कमी पडते म्हणणाऱ्यांनी आपले संत नीट ऐकलेले नाहीत. जनाबाई विठ्ठलाला कारटा म्हणते. लोक मला दूर हो म्हणतात, मग तुला भेटू कसा, असं चोखोबा विचारतात. दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेली हे तुकोबांनी लिहून ठेवलं, आणि आपल्या लेखी देव मेला असंही ते म्हणून गेले. वारकऱ्यांनी यातलं काही दडवलं नाही.

राहता राहिलं 'मागच्या जन्मीचं फेडतोय' आणि 'देव लाडक्यांचीच परीक्षा घेतो'. ठाण्यातल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना बायबलमधल्या ईयोबाची, संकटांवर संकटं कोसळलेल्या त्या सज्जन माणसाची, गोष्ट विचारा. तुझंच काहीतरी पाप असणार, असं त्याचे मित्र त्याला ऐकवत राहतात. शेवटी देव ईयोबालाही खडसावतो, पण माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोबच, तुम्ही नाही, असं त्या मित्रांना सुनावतो.

मेसेज पाठवणाऱ्याला धीरच द्यायचा असतो, हे मला मान्य आहे. तर मग त्या आईजवळ बसा, तिचं देवाशी चाललेलं भांडण मध्ये न बोलता ऐका, आणि जमत असेल तर प्लेटलेट द्यायला नाव नोंदवा.