उपासाचा आयरिश बटाटा

राजगिऱ्याचे लाडू मिझुलाच्या मोटेलमधल्या फ्रिजात राहिले, हे आईला आठवलं तेव्हा आम्ही शंभरएक मैल पुढे आलो होतो. आषाढी एकादशी, सिएटलहून यलोस्टोनला निघालेली गाडी, दुपारचा एक आणि मागच्या सीटवर उपाशी आई. "राहू दे रे, पाण्यावर राहीन मी," ती म्हणाली. हे वाक्य ज्याने स्वतःच्या आईच्या तोंडून ऐकलंय, त्याला ठाऊक असतं की गाडी पुढच्या एक्झिटला वळवण्यावाचून इलाज नाही.

पुढची एक्झिट मोंटानातल्या ब्यूट गावाची होती आणि तिथे वळण्याआधीच बाबा सीटवरून अर्धे उठले. "अबे, हेडगिअर!" बाबा बल्लारपूरच्या कोळसा खाणीत एकतीस वर्षं पंप खलाशी होते, म्हणजे खाणीतलं पाणी उपसणारे पंप चालवायचे. खाणीच्या तोंडावर चाकं लावलेला लोखंडी सांगाडा असतो, ज्याच्या दोरावर माणसांची डोली खालीवर होते, तसे सांगाडे इथे टेकडीभर उभे. खाली कोळशाऐवजी तांबं, एवढाच फरक. खाणी कधीच्या बंद पडल्या, सांगाडे तेवढे राहिले. इथले लोक त्यांना 'गॅलोज फ्रेम' म्हणतात, म्हणजे फाशीचा खांब. हे मी बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बरोबर नाव ठेवलं."

जे पहिलं उघडं दिसलं ते आयरिश पब निघालं. ब्यूटमध्ये ते साहजिकच आहे. आयर्लंडच्या कॅव्हन परगण्यातून आलेल्या मार्कस डेलीने १८८१ मध्ये इथली चांदीची एक खाण घेतली, तिच्यात तांबं निघालं, आणि आपल्याकडे गावचा एक मुकादम लागला की मागोमाग अख्खी आळी भरती होते तसं आयर्लंड इथे उतरलं. तिकडच्या अलिहिसच्या तांब्याच्या खाणीतली माणसं थेट इथल्या खाणीत. १९०० च्या सुमारास चारातला एक ब्यूटकर आयरिश होता. आणि आयरिश म्हटलं की बटाटा. मी मनातल्या मनात विठ्ठलाला हात जोडले.

फार लवकर जोडले. मेन्यूत पानोपानी बटाटा होता आणि त्यातला एकही उपासाचा नव्हता. कुस्करलेल्या बटाट्यात लसूण. कोलकॅननमध्ये कोबी. सूपात कोंबडीचं पाणी. शेपर्ड्स पायमध्ये बटाट्याच्या पांघरुणाखाली खिमा. फ्रेंच फ्राइज शुद्ध वाटले, तर आईने विचारलं, "विचार तिला, कढई तीच का मासे तळायची?" मी विचारलं. तीच होती.

वेट्रेस साठीची, केस पांढरे, कानात हिरवी कुडी. ती वही-पेन्सिल घेऊन शांत उभी.

"आईचा आज उपवास आहे," मी इंग्रजीत म्हणालो.

"अरेरे. म्हणजे त्या काही खाणार नाहीत?"

"खाणार आहे. बटाटा."

"उपवासाला?"

"हो. बटाटा, शेंगदाणे, साबुदाणा, तूप, दही, मिरची, फळं, लाडू..."

तिने पेन्सिल खाली ठेवली. तिची आजी म्हणे लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या, शुक्रवारी मांस सोडायची आणि त्याऐवजी मासे खायची. मी ते आईला मराठीत सांगितलं. "मासे? उपासाला?" आईने अशा नजरेने तिच्याकडे पाहिलं की मला उलट दिशेला काहीतरी वेगळंच भाषांतर करावं लागलं. म्हणालो, आईला तुमच्या आजीबद्दल आदर वाटतो.

शेवटी ठरलं, भाजलेला अख्खा बटाटा, वर काहीही नको. वेट्रेसने तीनदा विचारलं. चीज नको? नको. बेकन? नको, नको, नको. बटाटा आला. त्यावर हिरवं बारीक काहीतरी भुरभुरलेलं. आईने चष्मा लावला, एक तुकडा चिमटीत धरून उजेडाकडे नेला. "ही कांद्याची पात का लसणाची?" मी म्हणालो, दोन्हीच्या मधली काहीतरी. बटाटा परत गेला. दुसरा आला तो थेट सालासकट, चांदीच्या कागदात, नवजात बाळासारखा गुंडाळून.

मग आईने पर्स उघडली. लाडू विसरलेल्या बाईच्या पर्समध्ये दाण्याचं कूट आणि सैंधव बारीक डब्यांतून असतंच, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. तिने बटाटा चिरून उलगडला, आतली वाफ तोंडावर घेतली, लोणी सोडलं, कूट घातलं, मीठ, आणि पबमधून मागवलेली हालापेन्यो मिरची हाताने मोडून त्यात मिसळली. चमचा तिने बाजूला ठेवला होता. पाच बोटांनी ती कालवत होती आणि वेट्रेस, आता मागून आलेला आचारी, दोघं बघत होते. एक घास तिने वेट्रेसच्या तळहातावर ठेवला. वेट्रेसने खाल्ला. "हा उपवास?" ती म्हणाली. "मग मी कुठल्या धर्मात नाव घालू?"

बाबा कुठे होते? बाबा उपास करत नाहीत, पण एकादशीला घरात वश्याट नाही, म्हणून त्यांच्यासाठी चीज सँडविच सांगितलं होतं. ते थंड होत होतं. बाबा बारपाशी एका म्हाताऱ्यासमोर बसून पेपर नॅपकिनवर शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर, काढत होते. म्हातारा इथल्या खाणीतला निवृत्त. बाबांचं इंग्रजी आणि त्याचं मराठी सारखंच, पण दोघांना 'पंप' हा शब्द येत होता आणि तेवढा पुरला. मला हाक आली.

"विचार याले, पंप काहून बंद केले?"

गोष्ट अशी. १९५५ मध्ये इथे बर्कली पिट नावाची उघडी खाण सुरू झाली आणि तिने गावातल्या वस्त्या गिळल्या. १९८२ मध्ये भुयारांतलं पाणी उपसणारे पंप कंपनीने बंद केले. पाणी चढत चढत खाणीचं तळं झालं, आंबट आणि विषारी. १९९५ मध्ये त्यावर उतरलेले तीनशेच्या वर हिमहंस मेले. आता ते पाणी उपसून शुद्ध करतात.

एकतीस वर्षांत ज्याने दिवाळीच्या रात्रीही पंप थांबू दिला नाही, त्याला हे सांगणं सोपं नव्हतं. बाबा बराच वेळ नॅपकिनकडे बघत राहिले. "पंप बंद केला की पाणी येतेच ना बाप्पा," ते म्हणाले. "एवढं कळत नाही?" मी भाषांतर केलं. म्हाताऱ्याने टेबलावर हात आपटला आणि बाबांसाठी काळ्या बिअरचा एक ग्लास सांगितला.

मी घाईने सांगितलं की आज चालणार नाही, आज आमचा देव झोपतो, चार महिन्यांसाठी.

"देव झोपला?" वेट्रेस ग्लास पुसत म्हणाली. "मग बघणार कोण?"

हे वाक्य बाबांना भाषांतराशिवाय कळलं. इतकं सुटसुटीत धर्मशास्त्र त्यांनी आजवर कुठल्याच कीर्तनात ऐकलं नसावं. ग्लासावरचा साईसारखा फेस खाली बसेपर्यंत त्यांनी वाट पाहिली, मग माझ्याकडे न बघता उचलला.

निघताना वेट्रेसने आणखी दोन बटाटे गुंडाळून दिले आणि त्यांचे पैसे घेतले नाहीत. आईने तिला उरलेलं कूट डबीसकट देऊन टाकलं. बाबांना पिट बघायचाच होता, तिकीट काढून कठड्याशी उभं राहून त्यांनी पाऊण तास पाणी बघितलं. यलोस्टोन आता अंधारात गाठावं लागणार होतं.

गाडीत बसल्यावर आई मांडीवर गरम बटाटे घेऊन हुंगत म्हणाली, "काय पिऊन आले तुम्ही?"

"काढा," बाबा म्हणाले. "कडू होता."

"एकादशीले?"

"देव झोपला आहे आज."

"देव झोपला असंन," आई म्हणाली. "मी जागी आहो."