पेन क्लिनिकचं रोटेशन पैसे भरून करावं का?

महाराष्ट्रात एमबीबीएस झालेल्या मुलामुलींच्या घरी एक वाद हमखास रंगतो. अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या विशेष प्रशिक्षणासाठी, अर्ज करायचा तर तिथला क्लिनिकल अनुभव, म्हणजे एखाद्या क्लिनिकमधलं चार आठवड्यांचं रोटेशन लागतं, आणि ते बहुतेकांना पैसे मोजूनच मिळतं. मग याला शिक्षण म्हणायचं की विकतचं शिफारसपत्र? एक बाजू म्हणते, हा एजंटांचा धंदा आहे, नादी लागू नका. दुसरी म्हणते, सगळेच करतात, भरून टाका. इथे अमेरिकेत पेन मेडिसिनच्या (वेदनेवरच्या उपचारांच्या) ओपीडीत काम करताना मला दोन्ही बाजू अर्ध्याच खऱ्या वाटतात. पैसे भरले की नाही, यापेक्षा त्या चार आठवड्यांत तुम्हाला रोज केस प्रेझेंट करायला लावणारं कोणी आहे का, हा प्रश्न मोठा आहे.

शिफारसपत्राला वजन आलं त्याला कारण आहे. अमेरिकेच्या डॉक्टरी परवाना परीक्षेतल्या स्टेप १ चा निकाल जानेवारी २०२२ पासून फक्त पास किंवा नापास असा लागतो. रुग्णाशी बोलणं आणि तपासणं जोखणारी स्टेप २ सीएस २०२१ मध्ये कायमची बंद झाली. त्यामुळे 'हा डॉक्टर रुग्णासमोर कसा वागतो' हे सांगणारी साक्ष मुख्यतः इथल्या अटेंडिंगच्या (हाताखाली शिकवणाऱ्या वरिष्ठ डॉक्टरच्या) पत्रातूनच मिळते.

आता पेन मेडिसिनच का? इथे ही एक वर्षाची फेलोशिप आहे. अ‍ॅनेस्थेशिया, फिजिकल मेडिसिन, न्यूरॉलॉजी अशी एखादी रेसिडेन्सी झाल्यावरच ती करता येते. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा, सही करणारा डॉक्टर मुळात कुठल्या विषयाचा? फिजिकल मेडिसिनला अर्ज करणाऱ्याला त्याच विषयातून आलेल्या पेन डॉक्टरचं पत्र खूप उपयोगी पडतं. इंटर्नल मेडिसिनला मात्र नुसत्या ओपीडीच्या पत्रांवर भागत नाही, वॉर्डमधलं किमान एक पत्र हवंच.

जाहिरातीत 'हँड्स-ऑन' असं ठळक छापलेलं असतं. पदवी झालेली आहे पण राज्याचा परवाना नाही, अशा डॉक्टरने एपिड्युरलची (पाठीच्या कण्यातल्या इंजेक्शनची) सुई हातात घेणं किंवा औषध लिहून देणं इथे चालत नाही, आणि क्लिनिकचा विमाही त्याला कवच देत नाही. 'इंजेक्शनं करायला मिळतील' असं सांगणाऱ्या एजंटापासून लांब राहा. इतिहास घेणं, अटेंडिंगसमोर तपासणं, केस मांडणं, नोटचा कच्चा मसुदा लिहिणं एवढं मिळालं तरी भरपूर आहे. व्हिसाच्या मुलाखतीतही 'निरीक्षणासाठी जातोय' हे निमंत्रणपत्र दाखवून स्पष्ट सांगावं. 'काम' हा शब्द तिथे घात करतो.

ओपीडीत शिकायला काय असतं, त्याचा एक नमुना. कंबरदुखीचा रुग्ण ऑक्सिकोडोन हे अफूवर्गीय वेदनाशामक १० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा घेतो, म्हणजे ४० मिलिग्रॅम. त्याला १.५ ने गुणलं की मॉर्फिनच्या मापात रोजचे ६० होतात. सीडीसी या अमेरिकी आरोग्य संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५० च्या वर जाताना फायदा-धोका पुन्हा तोलायचा आणि नालोक्सोन (जास्त डोसवरचा उतारा) देऊ करायचं. मग राज्याची प्रिस्क्रिप्शन नोंदवही उघडायची: दुसऱ्या कुणी अल्प्राझोलाम (चिंतेवरची गोळी) दिलंय का? दोन्ही एकत्र घेतल्यास श्वास मंदावण्याचा धोका वाढतो. मग लघवीची तपासणी. नवखा इथेच घसरतो. झटपट तपासणीच्या कपवर 'ओपिएट (अफूवर्गीय औषध) निगेटिव्ह' दिसलं की तो म्हणतो, गोळ्या घेत नाही, विकतोय. पण तो कप मुख्यतः मॉर्फिन आणि कोडीन पकडतो, ऑक्सिकोडोन त्यातून सहज निसटतं. त्यासाठी वेगळी पट्टी लागते, आणि शंका राहिली तर प्रयोगशाळेतून मास स्पेक्ट्रोमेट्री ही नेमकं औषध ओळखणारी तपासणी. हे न कळल्यामुळे प्रामाणिक रुग्णावर चोरीचा आळ येऊ शकतो.

नवखा घसरतो ती दुसरी जागा फॅसेट सांध्यांच्या (मणक्यांमधल्या छोट्या सांध्यांच्या) ब्लॉकची, म्हणजे त्यांच्या नसा बधिर करणाऱ्या इंजेक्शनची. रेडिओफ्रीक्वेन्सीला (उष्णतेने त्या नसा निकामी करण्याला) मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याची मंजुरी हवी तर आधी दोन वेळा निदानाचे ब्लॉक आणि दोन्ही वेळा किमान ८० टक्के आराम लागतो. हा आराम मोजायचा तो इंजेक्शननंतरच्या पहिल्या काही तासांत, भूल टिकून असेपर्यंत. दुसऱ्या दिवशी फोन करून 'आता कसं वाटतंय' विचारलं तर उत्तर 'पुन्हा दुखतंय' असंच येणार, आणि चांगला उमेदवार बाद होणार. वेदनेची तासागणिक डायरी रुग्णाला नीट समजावून देणं हे काम ऑब्झर्व्हरला, म्हणजे रोटेशनला आलेल्या डॉक्टरला, मनापासून करता येतं. पत्रात असलीच गोष्ट उमटते.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त अडचण टीबी चाचणीची. बाळपणीच्या बीसीजीमुळे मँटू (कातडीवरची टीबी चाचणी) खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे आणि खुलासे. सरळ रक्तावरची इग्रा चाचणी करून घ्या. गोवर, कांजिण्या आणि हेपटायटिस बी यांचे टायटर (प्रतिकारशक्ती दाखवणारी रक्तचाचणी) दोन महिने आधी काढा, कारण डोस राहिला असेल तर तो घ्यायला वेळ लागतो.

रेसिडेन्सीचे प्रोग्रॅम सप्टेंबरअखेरीस अर्ज वाचू लागतात. म्हणून रोटेशन जुलैपर्यंत उरकावं आणि पत्राची विनंती तिसऱ्या आठवड्यात करावी, निरोप घेताना नव्हे. एका प्रोग्रॅमला चारच पत्रं जातात. चांगला अटेंडिंग स्वतःच 'कमजोर पत्र देण्यापेक्षा नाही म्हणेन' असं सांगतो. त्याचा राग मानू नये.

घरच्या वादात एक मुद्दा मात्र मला पूर्ण पटतो: सरकारी कॉलेजच्या जागेवर जनतेचा पैसा खर्च झालेला असतो. ग्रामीण सेवेचा बाँड पूर्ण करूनच निघावं. आणि त्या वर्षात डोळे उघडे ठेवावेत. २०१४ च्या दुरुस्तीने एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा सैल झाला, तरी जिल्ह्याच्या गावी कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन मिळवताना नातेवाइकांची दमछाक होते. ट्रामाडॉल हे वेदनाशामक २०१८ मध्ये त्या कायद्याखाली आलं. इथे अमेरिकेत अतिवापराने माणसं गेली, तिकडे भारतात तुटवड्याने तळमळतात. मुलाखतीत 'पेनच का?' असं विचारल्यावर ही दोन्ही टोकं पाहिलेला उमेदवार उठून दिसतो. कॉलेजच्या भूलशास्त्र विभागाची पेन ओपीडी असेल, तर डॉलर भरण्याआधी तिथे महिनाभर बसा. 'दहापैकी किती दुखतं' यावर न थांबता 'सलग किती मिनिटं उभं राहता येतं, रात्री किती वेळा जाग येते' हे विचारायची सवय तिथेच लागते, आणि ती लावून घ्यायला व्हिसा लागत नाही.