लग्न, अपंगत्वाचा भत्ता आणि ‘फसवणूक’ हा शब्द : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत लग्न केल्यामुळे अपंग व्यक्तींचे सरकारी साहाय्य कसे घटते किंवा बंद पडते, याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. टेक्सासमधील आपल्या भाच्याला अपघातानंतर अपंगत्वाचा भत्ता सुरू झाला, गेल्या वर्षी त्याचे लग्न झाले आणि तरीही एक डॉलर कमी झाला नाही, त्या अर्थी माझा लेख अतिशयोक्त आहे, हा आपला पहिला आक्षेप. दोघांचा संसार एका छपराखाली कमी खर्चात होतो आणि जोडीदाराला सांभाळणे हे जोडीदाराचे काम आहे, सरकारचे नव्हे, हा दुसरा. सरकारी पैसा टिकावा म्हणून लग्न टाळून एकत्र राहणारी जोडपी सरळसरळ फसवणूक करतात, हा तिसरा. त्यातला ‘फसवणूक’ हा शब्द मला लागला, परंतु उत्तर क्रमानेच देतो.

पहिल्या मुद्द्यात आपले बरोबर आहे आणि चूक माझी आहे. आपल्या भाच्याला मिळते ते बहुधा एसएसडीआय, म्हणजे त्याने स्वतः नोकरी करून पगारातून भरलेल्या सोशल सिक्युरिटी (निवृत्ती आणि अपंगत्वासाठीची सरकारी विमा योजना) कराच्या आधारावर मिळणारे साहाय्य. त्याला लग्नाने बाधा येत नाही आणि पत्नीचा पगार कितीही असला तरी तो मोजला जात नाही. ‘लग्न झाले की भत्ता गेला’ हे माझे वाक्य सरसकट होते, ते मी मूळ लेखात दुरुस्त केले आहे. मात्र ज्यांना अपंगत्वामुळे नोकरी कधी करताच आली नाही, किंवा फारच थोडी करता आली, त्यांच्या वाट्याला हे साहाय्य येत नाही. माझा लेख त्यांच्याविषयी होता.

त्यांच्यासाठी आहे एसएसआय. १९७२ च्या कायद्याने निर्माण झालेली आणि जानेवारी १९७४ पासून सुरू असलेली ही योजना अल्प उत्पन्नाच्या वृद्ध, अंध आणि अपंग व्यक्तींसाठी आहे. २०२५ साली तिची केंद्रीय रक्कम एकट्या व्यक्तीला महिना ९६७ डॉलर होती आणि दोघेही लाभार्थी असलेल्या जोडप्याला मिळून १,४५०. म्हणजे त्या दराने दोन लाभार्थ्यांनी एकमेकांशी लग्न केले की महिन्याला ४८४ डॉलर, जवळजवळ चौथा हिस्सा, जातो. बचतीचेही तसेच आहे : राहते घर आणि एक गाडी सोडली तर एकट्याजवळ २,००० डॉलरपेक्षा जास्त असता कामा नये आणि जोडप्याजवळ ३,०००. या मर्यादा १९८९ पासून तशाच आहेत. एका छपराखाली भाडे वाचते हे आपले म्हणणे मी नाकारत नाही. परंतु दोन अपंग भाऊ किंवा दोन मित्र एकाच घरात आपापल्या वाट्याचा खर्च देऊन राहिले, तर त्या दोघांनाही एकट्याची पूर्ण रक्कम मिळते. छप्पर तेच, स्वयंपाकघर तेच, वाचणारे भाडेही तेवढेच. कपात होते ती केवळ ते पती-पत्नी असतील तर.

आता जोडीदार धडधाकट आणि नोकरी करणारा आहे असे समजू. त्याच्या पगारातील ठरावीक भाग पत्नीचे उत्पन्न म्हणून धरला जातो, याला ‘डीमिंग’ म्हणतात. घरात मूल नसेल आणि दुसरे कोणतेही उत्पन्न नसेल, तर पगारातून ८५ डॉलर वगळतात आणि उरलेल्याचा अर्धा भाग हिशेबात घेतात. ८५ चा हा आकडा १९७४ मध्ये योजना सुरू झाली तेव्हापासूनचा आहे. २०२५ च्या दराने पतीचा पगार महिना २,९८५ डॉलरला पोहोचला की पत्नीची केंद्रीय रक्कम शून्य होते. पूर्णवेळ कामाच्या हिशेबात ही मजुरी ताशी सव्वासतरा डॉलर पडते, म्हणजे काही राज्यांच्या किमान वेतनाहून थोडीच जास्त. ‘जोडीदाराने सांभाळावे’ असे आपण म्हणता तेव्हा सांभाळणारा जोडीदार नेमका किती कमावतो, हे या आकड्यावरून पाहावे अशी माझी विनंती आहे.

शिवाय बहुतेक राज्यांत एसएसआयबरोबर मेडिकेड, म्हणजे अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, मिळतो, आणि लाभार्थी कुटुंबांना खरी भीती मेडिकेड गमावण्याचीच असते. अंथरुणातून उठवून खुर्चीत बसवणे, आंघोळ घालणे, घास भरवणे यासाठी रोज घरी येणाऱ्या मदतनिसाचा पगार मेडिकेड देते. नोकरीतून मिळणारा आरोग्य विमा असा दीर्घकाळचा खर्च सहसा उचलत नाही आणि मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, तोही उचलत नाही. एकीकडे दवाखान्याचे बिल आणि दुसरीकडे मदतनिसाचा पगार, हे दोन्ही खिशातून भरायचे तर चांगला पगारदारही काही महिन्यांत मोडून पडेल.

एसएसडीआय आणि एसएसआयखेरीज तिसऱ्या प्रकारच्या साहाय्याचा अनुभव माझ्या घरातला आहे. माझ्या मुलीला जन्मतः सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) आहे. मी निवृत्त झालो तेव्हापासून तिला माझ्या सोशल सिक्युरिटीच्या नोंदीवर ‘डिसेबल्ड अ‍ॅडल्ट चाइल्ड’, म्हणजे अपंग प्रौढ अपत्य, म्हणून रक्कम मिळते. अपंगत्व वयाच्या २२ वर्षांआधीचे असेल तर आई-वडिलांच्या निवृत्तीनंतर, त्यांच्या अपंगत्वात किंवा मृत्यूनंतर ती सुरू होते. इथे अमेरिकेत नोकरीत आयुष्य घालवलेल्या अनेक मराठी आई-वडिलांची, आपल्यामागे मुलाचे काय, या प्रश्नात एवढीच खात्री असते. हे साहाय्य लग्नाने संपते. जोडीदार स्वतःही सोशल सिक्युरिटीचे असेच काही विशिष्ट लाभ घेणारा असेल तर अपवाद आहे, एरवी नाही. जोडीदार श्रीमंत आहे की बेकार, हे विचारलेही जात नाही, त्यामुळे जोडीदाराने सांभाळावे हा आपला युक्तिवाद इथे लागूच पडत नाही. आणि पुढे घटस्फोट झाला तरी ते सहसा परत मिळत नाही. ज्या करावर हा हक्क उभा आहे तो मी माझ्या पगारातून भरला, आणि मुलीने प्रेम केलेल्या माणसाशी लग्न केले म्हणून तो हक्क जावा, यात मला कोणताही न्याय दिसत नाही.

भारतात असे काही नसते, असे आपण लिहिले आहे. आज ते बऱ्याच अंशी खरे आहे, पण केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या अपंग अपत्याला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतनही पूर्वी लग्नानंतर थांबत असे. लग्नानंतरही ते चालू राहील, असा आदेश जानेवारी २०१३ मध्ये निघाला. म्हणजे नियम बदलता येतो.

राहिला ‘फसवणूक’ हा शब्द. एसएसआयच्या कायद्यात, एकत्र राहणारे आणि चारचौघांत स्वतःला पती-पत्नी म्हणवणारे दोघे, नोंदणी नसली तरी, जोडपेच धरले जातात. म्हणून विवाहाचा परवाना न काढता नुसती सप्तपदी करून घ्यावी, हा आपल्या मंडळींत नेहमी दिला जाणारा सल्लाही चालत नाही. खोटेपणा करायचा नाही असे ज्यांनी ठरवले आहे, त्यांना लग्नही करता येत नाही आणि एकमेकांना नवरा-बायको म्हणताही येत नाही. लग्नाअभावी पती-पत्नींना मिळणारे वारसाचे आणि निवृत्तिलाभाचे हक्कही त्यांना मिळत नाहीत. नियम पाळण्यासाठी त्यांनी हे सोडले आहे. त्यांना फसवे म्हणू नये, एवढे मी आपल्याला आग्रहाने सांगतो.

शेवटी आपल्या भाच्याविषयी. एसएसडीआयची रक्कम लहान असली तर तिच्या जोडीला थोडी एसएसआयही दिली जाते आणि अनेकांना ते ठाऊक नसते. त्याने आपले मंजुरीपत्र काढून पाहावे. त्यात एसएसआयचा उल्लेख असेल आणि लग्न अजून कळवलेले नसेल, तर ते लगेच कळवावे. लग्न झालेल्या महिन्याच्या पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवणे बंधनकारक असते, आणि उशीर झाल्यास जास्त दिलेली रक्कम नंतर वसूल केली जाते.