‘प्रबंध मोठा झाला की झोटेरो काढून टाका’ हा सल्ला कृपया पाळू नका

नागपुरातल्या पीएच.डी. करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज सारखा फिरतो आहे. मूळ कोणी लिहिला ते कळायला मार्ग नाही, पण सबमिशनची तारीख जवळ आली की कोणीतरी तो पुन्हा टाकतोच. मजकूर थोडक्यात असा: ‘प्रबंध शंभर पानांच्या वर गेला की झोटेरो, मेंडेली, एन्डनोट यांचा उपयोग नाही, वर्डची फाइल करप्ट होते. एरर आला की कंट्रोल-ए, मग कंट्रोल-शिफ्ट-एफ९ करून सगळे सायटेशन साधे करून टाका. दर चॅप्टरची वेगळी फाइल ठेवा. शेवटची यादी हाताने करा. मराठी संदर्भ ही सॉफ्टवेअर घेतच नाहीत. आणि कोड राहिले तर प्लॅजरिझम वाढून येते.’ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: झोटेरो, मेंडेली, एन्डनोट ही संदर्भ साठवून ठेवणारी आणि वर्डमध्ये सायटेशन (मजकुरातला संदर्भाचा उल्लेख) व शेवटची यादी आपोआप टाकणारी सॉफ्टवेअर आहेत. सायटेशन ‘साधे करणे’ म्हणजे सॉफ्टवेअरशी असलेली त्याची जोड तोडून नुसता मजकूर ठेवणे, आणि प्लॅजरिझम म्हणजे वाङ्मयचौर्य.

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे. हा सल्ला पाळून बसलेली मुलं-मुली शेवटच्या आठवड्यात लॅपटॉप घेऊन येतात, तेव्हा त्यांच्या चार-पाच वर्षांच्या कामाचे काय झालेले असते ते मी बघते. म्हणून या मेसेजमधले एकेक वाक्य घेऊन उत्तर देते आहे. इकडे बहुतेकांकडे झोटेरो असते, ते मोफत आहे आणि २००६ पासून चालू आहे, म्हणून उदाहरणे त्याचीच घेते.

पहिले वाक्य फाइल करप्ट होण्याचे. झोटेरोने टाकलेले सायटेशन वर्डच्या दृष्टीने एक फील्ड, म्हणजे आपोआप बदलू शकणारा मजकूर, असते. वर दिसते ‘(पाटील, २०१२)’ एवढेच, पण ऑल्ट-एफ९ दाबले की त्यामागचा कोड उघडतो: लेखक, शीर्षक, वर्ष, पान, सगळे एका लांबलचक ओळीत. अनुक्रमणिका, आकृत्यांचे क्रमांक, ‘पाहा तक्ता ३.२’ हीसुद्धा फील्डच. तीनशे पानांत अशी काहीशे फील्ड असणे वर्डला नवीन नाही.

फाइल संथ होते, हे मात्र खरे. नवे सायटेशन टाकले की झोटेरो आधीची सगळी पुन्हा तपासते, त्यामुळे तीनशेव्या सायटेशनला वेळ लागतो आणि माणूस घाबरतो. त्यासाठी झोटेरोच्या डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये सायटेशन आपोआप अपडेट करण्याची खूण आहे, ती काढून टाका. मग नव्या सायटेशनखाली तुटक रेघ दिसते, काम भराभर होते आणि दिवसाच्या शेवटी एकदा रिफ्रेश दाबले की सगळे जागेवर येते. फाइल खरोखर बिघडते ती वेगळ्या कारणांनी. तीच फाइल मोबाइलवर दुसऱ्याच ॲपमध्ये उघडून सेव्ह केली, गूगल डॉक्समध्ये चढवून परत उतरवली, सेव्ह होत असतानाच पेनड्राइव्ह ओढला. अशा प्रवासात फील्ड शाबूत राहतीलच याची खात्री नसते. गूगल डॉक्समध्ये न्यायचेच असेल तर झोटेरोतच दुसऱ्या वर्ड प्रोसेसरकडे जाण्याची सोय दिली आहे, ती वापरूनच न्या.

आता दुसरे वाक्य. सगळ्यात जास्त नुकसान करणारे हेच आहे.

कंट्रोल-ए आणि कंट्रोल-शिफ्ट-एफ९ ही जोडी फक्त झोटेरोची फील्ड ओळखून काढत नाही. निवडलेल्या मजकुरातले प्रत्येक फील्ड ती साधे करते. म्हणजे अनुक्रमणिका गोठली, आकृत्यांचे आपोआप येणारे क्रमांक गोठले, ‘पाहा तक्ता ३.२’ गोठले. त्यानंतर दुसऱ्या प्रकरणात दोन पाने वाढली तर अनुक्रमणिकेतला प्रत्येक आकडा हाताने बदला. एक सायटेशन बिघडले म्हणून सगळा प्रबंध गोठवणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

एरर आला तर आधी तो वाचा. सगळे एरर एकाच जातीचे नसतात. ‘वर्डला झोटेरोशी संपर्क साधता आला नाही’ अशा अर्थाचा संदेश असेल तर प्रबंधाचा काही दोष नाही. झोटेरो उघडे आहे का ते पाहा. वर्ड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेय आणि झोटेरो साधेच, असे तर नाही ना तेही पाहा. दोन्ही एकाच पद्धतीने उघडावी लागतात. वर्डमधून झोटेरोचा टॅबच गायब असेल तर झोटेरोच्या सेटिंग्जमध्ये ‘साइट’ (Cite) या भागात जाऊन वर्डचे ॲड-इन पुन्हा इन्स्टॉल करा. पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरा संदेश जास्त धोक्याचा. या सायटेशनचा फील्ड कोड बिघडला आहे, तुम्ही संदर्भ पुन्हा निवडणार का, असे झोटेरो विचारते आणि खाली होय-नाही देते. घाईत माणूस ‘नाही’ दाबतो. त्याच संदेशात पुढे इंग्रजीत लिहिलेले असते की ‘नाही’ म्हटल्यास कोड पुसला जाईल, पानावरचा मजकूर राहील, पण संदर्भसूचीतून ती नोंद जाऊ शकते. म्हणजे पान १४२ वर कंसातले नाव-वर्ष जसेच्या तसे दिसते, आणि शेवटच्या यादीत ते पुस्तकच नसते. परीक्षक नेमके हेच पकडतात. इतिहासाच्या एका संशोधिकेच्या फाइलमध्ये असेच चालले होते. टायपिंग करून देणाऱ्याच्या संगणकावर कोड उघडे राहिले होते, त्याला तो कचरा वाटला आणि त्याने एका तळटीपेतली अर्धी ओळ पुसली. तिच्याकडे रिफ्रेश केले की प्रश्न येई. ‘होय’ म्हणून तिने तोच ग्रंथ यादीतून पुन्हा निवडला आणि प्रश्न तिथेच मिटला. बाकी सायटेशनना हातही लावावा लागला नाही.

तिसरा प्रकार म्हणजे अपडेट करताना काहीतरी चूक झाली एवढेच सांगणारा मोघम संदेश. तेव्हा एक कोरी फाइल उघडून तिच्यात एक सायटेशन टाका. तिथे चालले तर दोष प्रबंधाच्या फाइलमध्येच कुठेतरी आहे. आता प्रबंधाची प्रत काढा, मूळ फाइल बाजूला ठेवा. प्रतीतला खालचा अर्धा भाग उडवा आणि रिफ्रेश करा. एरर आला तर बिघाड वरच्या अर्ध्यात, नाही आला तर उडवलेल्या अर्ध्यात. जो अर्धा दोषी, त्याचे पुन्हा दोन भाग. तीनशे पानांचे दीडशे, पंचाहत्तर, अडतीस, एकोणीस, दहा, पाच. सहा फेऱ्यांत तुम्ही पाच पानांवर येता. त्या पाच पानांतली सायटेशन एकेक करून काढून पाहा, दोषी सापडते. मग मूळ फाइलमध्ये तेवढेच काढून नव्याने टाका. तासाभराचे काम आहे. चारशे संदर्भ हाताने जुळवायला किती दिवस लागतात ते ज्यांनी केलेय त्यांना विचारा.

गाईडने ट्रॅक चेंजेस लावून फाइल परत पाठवली असेल तर एवढे लक्षात घ्या: खोडलेले सायटेशन, तो बदल तुम्ही स्वीकारत नाही तोवर, फाइलमध्येच असते. म्हणून ‘काढलेला संदर्भ यादीत का येतो’ ही तक्रार येते. बदल स्वीकारा, रिफ्रेश करा.

प्रत्येक चॅप्टरची वेगळी फाइल ठेवा, यात थोडे तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. तुमच्या विभागाला प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्या प्रकरणापुरती यादी हवी असेल तर झोटेरोत वेगळ्या फाइलीच ठेवाव्या लागतात, कारण एका फाइलमध्ये ते एकच यादी करते. एन्डनोटमध्ये भागवार यादीची सोय आहे. पण शेवटी एकच यादी हवी असेल तर एकच फाइल बरी. लिहिताना प्रकरणे वेगळी ठेवली असतील तर जोडताना सायटेशन जिवंत, म्हणजे साधी न केलेली, असू द्या, प्रत्येक प्रकरणाखालची यादी काढा, एकच ठेवा आणि रिफ्रेश करा.

ज्यांच्या शैलीत नाव-वर्षाऐवजी [१], [२] असे क्रमांक येतात त्यांनी तर हे जपलेच पाहिजे. नागपूरच्या व्हीएनआयटी या संस्थेतले अभियांत्रिकीवाले आयईईई शैलीत लिहितात, मेडिकल आणि मेयो या इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांचे पीजी विद्यार्थी व्हँकुव्हर शैलीत. पाचही प्रकरणे आधीच साधी केली असतील तर प्रत्येक प्रकरण [१] पासून सुरू झालेले असते. जोडल्यावर पाच वेगवेगळे [१]. आणि जोडून हाताने आकडे बसवल्यावर गाईड म्हणतात, ‘दुसऱ्या प्रकरणात तो एक पेपर घाला.’ त्याच्या पुढचा प्रत्येक आकडा एकाने सरकतो, मजकुरातही आणि यादीतही. जिवंत फाइलमध्ये हा एका रिफ्रेशचा प्रश्न आहे.

यादी हाताने करा असे म्हणणाऱ्यांची अडचण मला कळते. यादीत चूक दिसते, हाताने सुधारतात, रिफ्रेश केले की चूक परत येते, मग सॉफ्टवेअरवरचा विश्वास उडतो. यादी झोटेरोतल्या नोंदींवरून तयार होते, म्हणून सुधारणा नोंदीत करायची. पानावरचे सायटेशन हाताने बदलले तर पुढच्या वेळी झोटेरो विचारते, हा बदल ठेवू का? ‘होय’ म्हटले की ते सायटेशन पुढे कधीच अपडेट होत नाही.

नमुन्यादाखल एक चूक जवळून पाहा. मजकुरात ‘देशमुख, २०१५ए’ आणि ‘देशमुख, २०१५बी’ असे दिसते, पण देशमुखांचा २०१५ चा लेख तुम्ही एकच वापरलाय. कारण तो तुमच्या झोटेरोत दोनदा आहे: एकदा जर्नलच्या पानावरून घेतलेला, एकदा पीडीएफ ओढून टाकताना आलेला. झोटेरोला ते दोन लेख वाटतात. असेच, एका नोंदीत ‘आर. के.’ आणि दुसऱ्यात पूर्ण नाव असेल तर मजकुरात आडनावाआधी मध्येच आद्याक्षरे उगवतात. उपाय म्हणजे दोन्ही नोंदी निवडून त्या एकत्र करणे, म्हणजे मर्ज. एक नोंद नुसती पुसू नका. मर्ज केले तर प्रबंधातली दोन्ही सायटेशन उरलेल्या नोंदीशी जोडलेली राहतात. पुसली तर त्या नोंदीचे सायटेशन अनाथ होते आणि पुढची सुधारणा तिथपर्यंत पोचत नाही.

मराठी संदर्भ चालत नाहीत, हे सरळ चूक आहे. झोटेरो युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची संगणकाची सामाईक अक्षरपद्धत, घेते आणि देवनागरी युनिकोडमध्ये आहे. अडचण येते ती कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोंदींची. कृतिदेवमध्ये संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. यादीची शैली टाइम्स न्यू रोमन लावते आणि पुस्तकाच्या नावाजागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा उमटतो. मजकूर आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, शुद्धलेखन डोळ्यांनी तपासा, मग झोटेरोत टाका. मराठी लेखकाचे नाव शैलीने मोडू नये असे वाटत असेल तर नावाचा एकच रकाना वापरा आणि आडनाव आधी लिहा. ते जसे लिहिले तसेच छापले जाते. मराठी आणि इंग्रजी ग्रंथांच्या दोन वेगळ्या याद्या मात्र झोटेरो आपोआप करून देत नाही. ते शेवटच्या प्रतीत हाताने करावे लागते.

प्लॅजरिझमच्या भीतीला तर काही आधारच नाही. तपासणी मजकुराची होते. प्रबंध शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर पीडीएफमध्ये जातो आणि पीडीएफमध्ये वर्डचे फील्ड कोड उरत नाहीत. शिवाय यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत साम्य मोजताना संदर्भसूची वगळायला सांगितले आहे, आणि १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही.

सायटेशन साधी करण्याची एक योग्य वेळ असते, ती सगळ्यात शेवटी. गाईडची सही झाली, शेवटचे रिफ्रेश झाले, यादी वाचून झाली, की फाइलची प्रत काढायची आणि त्या प्रतीतच झोटेरोचे अनलिंक सायटेशन्स हे बटण दाबायचे. ते फक्त झोटेरोची फील्ड साधी करते, अनुक्रमणिकेला हात लावत नाही. बाइंडिंगवाल्याकडे आणि टायपिंगवाल्याकडे जायची ती ही प्रत. जिवंत फाइल व्हायवा होईपर्यंत दोन ठिकाणी जपून ठेवा. परीक्षकांच्या दुरुस्त्या आल्या की त्या जिवंत फाइलमध्येच करायच्या आणि साधी प्रत पुन्हा नव्याने काढायची.